जुन्या व्ही-८ वर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन: काम टाकीपासून सुरू करा

कार्बोरेटरच्या त्याच चार स्टडवर बसणारी इंजेक्शनची किट आता सहज मिळतात. होली स्नायपर आणि फायटेक ही त्यातली ओळखीची नावं. एकाच थ्रॉटल बॉडीत, म्हणजे कार्बोरेटरच्या जागी बसणाऱ्या हवेच्या झडपांच्या भागात, चार इंजेक्टर, प्रेशर रेग्युलेटर, सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे पेट्रोलचा हिशेब करणारा छोटा संगणक, असतो. वरून ती चार बॅरलच्या कार्बोरेटरसारखीच दिसते आणि बहुतेक वेळा जुना एअर क्लीनरही तिच्यावर बसतो. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की चार नट सोडायचे, चार आवळायचे, झालं काम. खरं तर बॉडी बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. गाडी नीट चालणार की रस्त्यात उभी राहणार, हे पेट्रोलचा पुरवठा, वायरिंग आणि सायलेन्सरच्या पाईपातला ऑक्सिजन सेन्सर या तीन ठिकाणी ठरतं. म्हणून इथे टाकी आणि सेन्सर आधी, बॉडीची पाळी त्यानंतर येते.

उदाहरणासाठी शेव्हरोलेचं ३५० क्युबिक इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल-ब्लॉक इंजिन घेतलं आहे. १९६७ पासूनच्या असंख्य अमेरिकन गाड्यांत ते आहे आणि या किटसाठी सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं. इतर व्ही-८ ला तपशील थोडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

किट मागवण्याआधी

आधी नियम बघा. भारतात ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हीए' मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. अशी नोंदणी असेल किंवा घ्यायची असेल, तर आरटीओत विचारल्याशिवाय एकही नट सोडू नका. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांची १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलची गाडी स्मॉग तपासणीतून सुटते. १९७६ पासूनच्या गाडीसाठी तिथल्या कार्बची, म्हणजे हवा मंडळाची, मान्यता असलेलंच किट लागतं. कुठेही असा, जुना कार्बोरेटर, लिंकेज आणि मेकॅनिकल पंप जपून ठेवा.

दुसरी गोष्ट इंजिनची तब्येत. ईसीयू मिश्रण सुधारतो, इंजिन नाही. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांत २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पैसे आधी तिकडे घाला. व्हॅक्यूम गेज लावा. साध्या कॅमचं (वाल्व उघडणाऱ्या शाफ्टचं) धडधाकट इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवतं. काटा त्याखाली असेल तर मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणारा वाल्व), सगळं तपासा. कार्बोरेटर थोडा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवला की छोटी हवागळती दबून जाते. इंजेक्शनवर तीच गळती उंच आयडलिंग होऊन समोर येते आणि दोष नव्या किटवर जातो.

मॅनिफोल्डची फ्लँजही मोजा. ही किट चौकोनी बोअरच्या, म्हणजे ४१५० प्रकारच्या फ्लँजसाठी असतात. क्वाड्राजेट या कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमध्ये पुढची भोकं लहान आणि मागची मोठी असतात, त्यासाठी अडॅप्टर लागतो आणि उंची वाढते. बोनेटखाली जागा आहे का, हे एअर क्लीनरच्या झाकणावर मातीचे गोळे ठेवून बोनेट अलगद बंद केलं की कळतं.

चार्जिंगही हिशेबात धरा. पंप, इंजेक्टर, सेन्सरचा हीटर आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा असेल तर तोही, हे सगळं आयडलिंगला डायनॅमोच्या आवाक्याबाहेर जातं. डायनॅमोची गाडी असेल तर अल्टरनेटर आधी बसवा.

पेट्रोलचा पुरवठा: निम्म्याहून जास्त काम इथेच आहे

कार्बोरेटरला ५ ते ७ पीएसआय प्रेशर पुरतं. या थ्रॉटल बॉडीला ५८ पीएसआयच्या आसपास, म्हणजे ४ बार लागतं. एवढ्या एका फरकाने टाकीपासून बोनेटपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बाद होतो. कार्बोरेटरची साधी नळी, एसएई जे३०आर७ दर्जाची, ४ बारवर टिकत नाही. जे३०आर९ दर्जाची इंजेक्शनची नळी किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराची विणीव नळी घ्या. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि अमेरिकेत १० टक्के सर्रास आहे, त्यामुळे पीटीएफईचा खर्च वाया जात नाही. साधी स्क्रूची क्लिप नळीत रुतते आणि कडेने गळते, म्हणून इंजेक्शनच्या गोल क्लिपा किंवा एएन फिटिंग (आट्यांचे धातूचे जोड) वापरा. एएन फिटिंगवर टेफ्लॉन टेप लावू नका. ती कोनावर सील होते, आट्यांवर नाही, आणि टेपचा तुकडा सुटून थेट इंजेक्टरमध्ये जातो.

पंप टाकीत बसवायचा की बाहेर, हा खरा निर्णय. आमचं मत स्पष्ट आहे: जमेल तिथे टाकीतच. पंप पेट्रोल ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. बाहेरचा पंप टाकीच्या तळापेक्षा वर किंवा दूर बसवला की ओढताना नळीतलं प्रेशर उतरतं, गरम पेट्रोल तिथेच उकळू लागतं, पंपात वाफ शिरते आणि तो किंचाळायला लागतो. उन्हात तासभर गाडी चालवल्यावर मागून येणारी शीळ हीच. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहतो, म्हणून थंड आणि शांत चालतो.

टाकीत बसवायचे दोन मार्ग आहेत. तुमच्या मॉडेलसाठी पंप आणि पेट्रोल हिंदकळू न देणाऱ्या आडव्या पडद्यांसह तयार टाकी मिळत असेल तर तीच घ्या. नाहीतर जुन्या टाकीला वरून गोल भोक पाडून बसवायचं मॉड्यूल मिळतं. पेट्रोलची टाकी घरी कापू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. टाकी वाफेने धुऊन देणाऱ्या, रेडिएटर आणि टाक्यांचं काम करणाऱ्या वर्कशॉपकडूनच भोक पाडून घ्या. त्याच वेळी आत टॉर्च मारा. गंजाचे पापुद्रे दिसले तर टाकी बदला, फिल्टर त्यांना फार दिवस पुरा पडणार नाही.

बाहेरचाच पंप लावायचा असेल तर तो टाकीच्या तळाखाली, टाकीपासून दोनेक फुटांच्या आत आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनचा फिल्टर, पंपानंतर १० मायक्रॉनचा. यांची अदलाबदल झाली की बारीक जाळीतून ओढताना पंप उपाशी राहतो आणि काही दिवसांत जळतो. फिल्टरवरचा बाण बघूनच बसवा.

जुन्या टाक्यांचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा. पाव टाकीच्या खाली पेट्रोल असलं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पिकअप, म्हणजे पेट्रोल ओढणारं तोंड, हवा ओढतो. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये साठा असल्याने हे कधी कळत नसे. इंजेक्शनकडे तसा साठा नसतो, हवेचा बुडबुडा आला की इंजिन त्या क्षणी बंद. आडवे पडदे, पंपाभोवतीची वाटी किंवा बोनेटखाली छोटी सर्ज टाकी, यांतलं काहीतरी हवंच. सर्ज टाकीला जुना मेकॅनिकल पंप पेट्रोल पुरवतो आणि तिच्यातला इलेक्ट्रिक पंप प्रेशर देतो. पण उन्हाळ्यात ती इंजिनच्या उष्णतेने तापते, म्हणून उष्ण प्रदेशात ती आमची शेवटची निवड.

पंप केवढा हवा? ३०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण ९० ते ९५ लिटर पेट्रोल लागतं. किटमध्ये नेहमी येणारा २५५ लिटरचा पंप भरपूर झाला. उरलेलं पेट्रोल टाकीत परत गेलं पाहिजे. त्यासाठी ३/८ इंचाची रिटर्न लाईन टाका आणि तिचं तोंड पिकअपपासून दूर ठेवा. रिटर्न दबली किंवा अरुंद असली की प्रेशर ५८ वर न थांबता चढत जातं आणि गाडी सगळीकडे रिच चालते. टाकीचा वायुमार्ग मोकळा आहे ना, तेही बघा. तो बंद असेल तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

मेकॅनिकल पंप वापरायचा नसेल तर तो काढा, त्याला ढकलणारा ब्लॉकमधला पुशरॉडही काढा आणि भोकावर पॅकिंगसह बंद करायची प्लेट लावा.

ऑक्सिजन सेन्सर

ईसीयू रस्त्यावर जे काही शिकतो, ते या सेन्सरच्या सांगण्यावरून. तोच खोटं बोलला तर मिश्रणाचा सगळा हिशेब चुकतो. सेन्सर एक्झॉस्टच्या चारही पाईप एकत्र येतात त्यानंतर काही इंचांवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी बसवा. त्याच्यापुढे शेवटपर्यंत किमान १८ इंच पाईप असू द्या, नाहीतर बाहेरची हवा उलटी आत येऊन सेन्सर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो. सेन्सरचं टोक आडव्या रेषेपासून किमान १० अंश खाली झुकलेलं, म्हणजे वायर वरच्या बाजूला हवी. पाईपात साचणारं पाणी गरम सिरॅमिकवर पडलं की ते तडकतं.

पाईपला ७/८ इंचाचं भोक पाडून एम१८ बाय १.५ आट्यांची बंग (सेन्सर बसवायचं कडं) वेल्ड करायची. वेल्डिंग करताना बॅटरी सोडलेली, ईसीयूचे कनेक्टर काढलेले आणि सेन्सर डब्यात हवा. क्लॅम्पने बसणाऱ्या बंगही मिळतात, पण त्यांच्या कडेने गळती झाली तर सेन्सरला फसवा ऑक्सिजन मिळतो. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल तर तेही याच कारणासाठी आधी बदला. सेन्सर लावून, पण वायर न जोडता इंजिन चालवू नका. हीटर बंद असला की काजळी बसून तो मरतो. इंजिनवर साधा सिलिकॉन सीलंट वापरला तरी तो खराब होतो. डब्यावर 'सेन्सर सेफ' लिहिलेला सीलंटच घ्या.

बॉडी बसवणं

इंजिन थंड, बॅटरी सुटी, जवळ एबीसी प्रकारचं अग्निशामक. कार्बोरेटर काढल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नट आत पडला तर हेडपर्यंत जायला वेळ लागत नाही. फ्लँज घासून साफ करा, नवं पॅकिंग टाका, बॉडी ठेवा आणि नट आडवे-तिडवे थोडे थोडे करत ६० ते ८० इंच-पाउंडांपर्यंत, म्हणजे ७ ते ९ न्यूटन-मीटर आवळा. जास्त आवळलं की फ्लँज वाकते आणि हवा ओढते.

पीसीव्ही, ब्रेक बूस्टर आणि डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमच्या नळ्या आपापल्या तोंडांवर लावा, उरलेली तोंडं घट्ट टोप्यांनी बंद करा. एक माणूस आत बसवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का ते डोळ्यांनी बघा. परत सोडल्यावर तो अडकत नाही ना, हेही बघा. ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टीव्ही केबलचा (थ्रॉटलला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या केबलचा) ब्रॅकेट त्या गिअरबॉक्ससाठीचाच लागतो. केबलचा कोन चुकला तर गिअरबॉक्समधलं ऑईल प्रेशर कमी पडतं आणि क्लच जळतात. इंजेक्शन बसवताना होणारं हे सगळ्यात महागडं नुकसान.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डवर, जिथे पाणी कायम वाहतं तिथे बसवा. थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सियसचा ठेवा. पुष्कळ जण ७१ अंशांचा घालतात. मग इंजिन ईसीयूच्या शिकण्याच्या किमान तापमानाच्या जेमतेम आसपास राहतं, थंड इंजिनासाठीचं जादा पेट्रोल देणं लांबतं आणि गाडी शिकत नाही.

वायरिंग आणि आरपीएमचा सिग्नल

ईसीयूच्या जाड पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या. चेसिसवर, फ्यूज बॉक्सवर किंवा अल्टरनेटरवर नाही. बॅटरी लांब असल्याने वायरचा मार्ग थोडा वाढला तरी चालेल. इंजिन ते बॅटरी आणि इंजिन ते बॉडी असे दोन्ही अर्थिंगचे पट्टे नवे घाला, रंग खरवडून चकचकीत धातूवर. सेल मारताना मल्टिमीटरने बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांमधला फरक मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर अर्थिंग कच्चं आहे.

किल्लीवर येणारी वायर कुठून घेता, यावर पुष्कळ गाड्या अडतात. ती किल्ली 'ऑन' असताना आणि सेल मारतानाही १२ व्होल्ट देणारी हवी. रेडिओची लाईन सेल मारताना तुटते. जुन्या कॉन्टॅक्ट पॉइंटच्या इग्निशनच्या गाडीत कॉइलकडे जाणारी लाईन रेझिस्टन्स वायरमधून येते, ती ६ ते ९ व्होल्टच देते. गाडी सेल फिरतानाच उडत नसेल आणि किल्ली सोडल्या क्षणी फुरफुरत असेल, तर वायर बहुतेक रेडिओच्या लाईनसारख्या ठिकाणाहून घेतलेली असते.

पंपाला रिले, १५ ते २० अँपिअरचा फ्यूज आणि मागेपर्यंत ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर द्या. इंजिन चालू असताना पंपाच्या टोकाला १३ व्होल्ट मिळाले पाहिजेत. पंपाच्या लाईनमध्ये धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच जरूर घाला. इंजिन थांबलं की ईसीयू पंप बंद करतो, पण धडक होऊनही इंजिन चालू राहिलं तर ४ बारचं पेट्रोल फवारत राहील.

आता आरपीएम. इंजिन फिरतंय हे ईसीयूला इग्निशनच्या सिग्नलवरूनच कळतं. पॉइंट असतील तर कॉइलच्या निगेटिव्हवरून, जीएमचा एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याच्या 'टॅक' टर्मिनलवरून आणि एमएसडीसारखा सीडीआय (कपॅसिटरने ठिणगी देणारा) बॉक्स असेल तर बॉक्सच्या टॅक आउटपुटवरून सिग्नल घ्या. सीडीआय असताना कॉइलला हात लावायचा नाही. तिथे काहीशे व्होल्टचे झटके असतात, ईसीयू जागच्या जागी जातो. प्लगच्या वायर रेझिस्टन्सच्या किंवा स्पायरल कोअरच्या असाव्यात. तांब्याच्या भरीव तारेच्या जुन्या वायर रेडिओसारखा गोंगाट सोडतात. ईसीयूचं हार्नेस त्यांच्यापासून आणि कॉइलपासून दूर न्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

पहिली स्टार्ट

आधी कॉइलकडे जाणारी इग्निशनची वायर काढून ठेवा आणि नुसती किल्ली फिरवा. पंप काही सेकंद चालून थांबेल. हे चार-पाच वेळा करा, प्रत्येक जोडाखाली कोरडं फडकं फिरवा. थेंब दिसला तर पुढे जाऊ नका. मग छोट्या स्क्रीनवर माहिती भरा: सिलिंडर ८, क्युबिक इंच ३५०, कॅमचा प्रकार, इग्निशनचा प्रकार, आयडलिंग ७५० ते ८५०. कॅमच्या बाबतीत फुशारकी नको. साध्या इंजिनाला 'रेस' निवडलं की सुरुवातीलाच प्लग ओले होतात.

सेल मारताना स्क्रीनवर आरपीएम बघा. १५० ते २५० च्या दरम्यान स्थिर आकडा हवा. शून्य असेल तर ईसीयू पेट्रोलच देणार नाही, टॅकची वायर बघा. आकडा हजारांत उड्या मारत असेल तर गोंगाट शिरतोय. ॲक्सिलरेटर पंप करायची कार्बोरेटरची सवय सोडा. प्लग ओले झालेच तर पेडल पूर्ण दाबून सेल मारा, त्या स्थितीत ईसीयू पेट्रोल बंद ठेवतो.

इंजिन चालू झालं की ते पूर्ण गरम होऊ द्या आणि टायमिंग लाईटने ठिणगीचं बेस टायमिंग १० ते १२ अंश आहे ना बघा. आता थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू. स्क्रीनवर आयएसीची, म्हणजे आयडलिंगची हवा सांभाळणाऱ्या वाल्वची, टक्केवारी असते. गरम इंजिनवर, गिअर न्यूट्रलला असताना, ती २ ते १० च्या मध्ये आणा. शून्यावर अडकली आणि आयडलिंग तरीही उंच असेल तर स्क्रू सैल करा, मग हवागळती शोधा. २० च्या वर असेल तर स्क्रू किंचित आवळा. स्क्रू हलवल्यावर किल्ली बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे टीपीएस (थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर) पुन्हा शून्य धरेल. ते शून्य नसेल तर ईसीयूला वाटतं पाय पेडलवर आहे आणि तो आयडलिंग सांभाळतच नाही.

मग रस्ता. एकसारख्या वेगाने, वेगवेगळ्या गिअरमध्ये, चढावर आणि सपाटीवर, अर्धा-पाऊण तास सावकाश चालवा. पूर्ण थ्रॉटल दुसऱ्या दिवशी. आयडलिंगला १३.५ ते १४, सपाट रस्त्यावर १४ ते १४.७ आणि पूर्ण थ्रॉटलला १२.५ ही हवा-इंधन प्रमाणाची उद्दिष्टं बहुतेक ३५० ना मानवतात. सेन्सर खरं तर लॅम्डा, म्हणजे आदर्श मिश्रणाच्या तुलनेत हवेचं प्रमाण, मोजतो आणि स्क्रीन त्याचं शुद्ध पेट्रोलच्या मोजमापात रूपांतर करते. त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरही स्क्रीनवरचे आकडे हेच ठेवा.

ईसीयू सेन्सरवरून पेट्रोलात करतो ती दुरुस्ती सगळीकडे १० टक्क्यांच्या आत असेल तर छान. सगळीकडे +२० किंवा जास्त असेल तर ट्यूनिंगला हात लावू नका. पेट्रोल प्रेशर मोजा आणि एक्झॉस्टची गळती शोधा. फक्त वरच्या आरपीएमला वाढत असेल तर फिल्टर किंवा पंपाचं व्होल्टेज. मोठ्या कॅमच्या इंजिनावर आयडलिंगला वेगळी गंमत होते. वाल्व एकाच वेळी उघडे राहिल्याने न जळलेला ऑक्सिजन बाहेर जातो, सेन्सर त्याला लीन समजतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि प्लग काळे पडतात. तिथे आयडलिंगचं उद्दिष्ट १३ च्या आसपास आणा आणि सेन्सरच्या दुरुस्तीची मर्यादा कमी करा. एखादा प्लग मिस करत असेल तरी हेच चित्र दिसतं, म्हणून आधी प्लग आणि वायर तपासा.

थंड स्टार्ट एका दिवसात जमत नाही. रात्रभर गाडी उभी हवी, आणि सकाळी एकच बदल करायचा. उडाली आणि लगेच बंद पडली तर सुरुवातीच्या सेकंदांतलं जादा पेट्रोल ५ टक्क्यांनी वाढवा. काळा धूर आला तर तेवढंच कमी करा. टायमिंग ईसीयूच्या ताब्यात द्यायचा मोह मात्र पेट्रोल स्थिर होईपर्यंत आवरा. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स लॉक करावा लागतो आणि दोन्ही एकदम बदललं की दोष कुठला हे शोधता येत नाही.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुढचा १० मायक्रॉनचा फिल्टर उघडून बघा आणि बदला. जुन्या टाकीतला आणि नव्या पाईप कापतानाचा कचरा तिथेच येऊन बसतो. डिकीत एक जादा रिले, दोन फ्यूज, एक फिल्टर आणि पेट्रोल प्रेशरचा छोटा गेज ठेवा.